कालच्या धन्याची माणसे

१२ ऑक्टोबर १७०७ रोजी भीमेच्या काठी खेडजवळ मराठ्यांच्याच दोन फौजा एकमेकींसमोर उभ्या ठाकल्या. एका बाजूला मोगलांच्या छावणीतून पाचच महिन्यांपूर्वी सुटून आलेले, पंचविशीतले शाहूराजे होते. दुसऱ्या बाजूला ताराबाईंनी त्यांना रोखण्यासाठी धाडलेली फौज होती आणि तिच्या अग्रभागी सेनापती धनाजी जाधव व परशुराम त्रिंबक प्रतिनिधी हे दोन मातबर पुरुष होते. दोघेही एकाच गादीचे चाकर, एकाच लढ्यात केस पिकवलेले. पण लढाईला तोंड लागले तेव्हा धनाजींची तलवार म्यानातच राहिली आणि ते शाहूंना जाऊन मिळाले. परशुरामपंत मात्र एकाकी पडले, माघार घेऊन त्यांनी साताऱ्याचा किल्ला गाठला आणि दरवाजे बंद करून घेतले. पुढली सहासात वर्षे शाहूंना जो प्रश्न छळणार होता, तो त्या एका दिवशी या दोन माणसांच्या रूपाने त्यांच्यापुढे उभा राहिला. कालच्या धन्याशी इमान राखणाऱ्या माणसांचे नव्या धन्याने करायचे काय?

हा प्रश्न केवळ सिंहासनांपुरता नाही. कचेरीत नवा साहेब आला की जुन्या साहेबाच्या विश्वासातल्या हेडक्लार्ककडे सारे कर्मचारी ज्या नजरेने पाहू लागतात, ती नजर फार जुनी आहे. फाइली कोठे आहेत हे त्यालाच ठाऊक असते, म्हणून त्याला काढता येत नाही. आणि ते त्यालाच ठाऊक असते, म्हणून त्याच्यावर विसंबताही येत नाही. शाहूंच्या बाबतीत फाइलींच्या जागी किल्ले होते, एवढाच फरक.

शाहूंचा पक्ष वारसाहक्काच्या दृष्टीने बळकट होता, यात शंका नाही. संभाजी महाराजांचे ते पुत्र, शिवछत्रपतींचे नातू. परंतु ताराबाईंच्या पक्षाला काही बाजूच नव्हती, असे मानणे हा त्या काळावर अन्याय होईल. १७०० मध्ये सिंहगडावर राजाराम महाराजांचा अंत झाल्यावर या पंचविशीतल्या विधवेने सात वर्षे प्रत्यक्ष औरंगजेबाशी झुंज दिली होती. संभाजी महाराजांचे राज्य बुडाले, नंतरचे राज्य माझ्या पतीने आणि मी रक्त सांडून नव्याने मिळवले, त्यावर मोगलांच्या पदरी वाढलेल्या राजपुत्राचा हक्क कसा पोहोचतो, हा त्यांचा सवाल होता. शिवाय शाहू सुटले ते स्वपराक्रमाने नव्हे. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर शहाजादा आझमशहाने मराठ्यांत दुही माजावी एवढ्याचसाठी त्यांना माळव्यात मोकळे केले होते आणि मातोश्री येसूबाईंना ओलीस ठेवून घेतले होते. असा मनुष्य मोगलांचा मांडलिक ठरेल, ही भीती अनाठायी म्हणता येणार नाही. तेव्हा ताराबाईंच्या बाजूने उभे राहणारे सगळेच स्वार्थी होते आणि शाहूंना मिळणारे तेवढे न्यायी होते, अशी वाटणी करता येत नाही. ताराबाईंनी शाहू हे तोतया असल्याचे जाहीर केले आणि सरदारांकडून दूधभातावर शपथा घेतल्या, असे बखरी सांगतात. शपथ घेणारा प्रत्येकजण मनात काय म्हणाला, ते मात्र बखरकारांनाही कळले नसावे.

शाहूंपाशी त्या वेळी ना खजिना होता, ना स्वतःची म्हणावी अशी फौज. वाटेत खानदेश-वऱ्हाडकडचे परसोजी भोसले, नेमाजी शिंदे असे सरदार येऊन मिळाले, तेवढेच भांडवल. याच प्रवासातला पारद गावचा प्रसंग बोलका आहे. गावच्या पाटलाने विरोध केला, तो चकमकीत मारला गेला, आणि त्याच्या बायकोने आपले तान्हे मूल शाहूंच्या पालखीत टाकून अभय मागितले. शाहूंनी ते मूल आपले मानले, त्याचे नाव फत्तेसिंह ठेवले, आणि अक्कलकोटचे भोसले घराणे त्यातून उभे राहिले. शत्रूच्या घरचे मूल उचलून आपल्या घरात वाढवायचे, ही शाहूंची पुढे नित्याची रीतच झाली. पारदला ती अजाणता घडली असेल. पुढे ती जाणूनबुजून चालवली गेली.

तिचे महत्त्व कळण्यासाठी सत्तावीस वर्षे मागे जावे लागते. १६८० मध्ये शिवछत्रपतींच्या मृत्यूनंतर रायगडावरच्या काही जुन्या कारभाऱ्यांनी संभाजी महाराजांना डावलून दहा वर्षांच्या राजारामांना मंचकावर बसवले. संभाजी महाराजांनी तो डाव उधळला, आणि विशेष म्हणजे प्रारंभी क्षमाही केली. अण्णाजी दत्तोंसारख्या प्रमुखाला कैदेतून सोडून पुन्हा अधिकारपद दिले. पण १६८१ मध्ये विषप्रयोगाचा कट उघडकीला आला, औरंगजेबाचा बंडखोर पुत्र अकबर याच्याशी संधान बांधण्याचा प्रयत्न झाला, आणि मग मात्र अण्णाजी दत्तो, हिरोजी फर्जंद, बाळाजी आवजी चिटणीस यांना हत्तीच्या पायी देण्यात आले. कट खरा होता. शिक्षा त्या काळाच्या मानाने वावगीही नव्हती. परंतु बाळाजी आवजींच्या बाबतीत अन्याय घडला, असे खुद्द संभाजी महाराजांनाच पुढे वाटले, आणि त्यांचा मुलगा खंडो बल्लाळ याला त्यांनी चिटणिशी दिली. ज्याच्या बापाला राजाने हत्तीच्या पायी दिले, तो मुलगा त्याच राजाची, नंतर राजारामांची आणि शेवटी शाहूंची चिटणिशी इमानाने करीत राहिला. खेडच्या मैदानावर धनाजींबरोबर तोही होता आणि तोही शाहूंकडे आला. पुढे एका नाजूक क्षणी या माणसाचा शब्द शाहूंच्या कामी यायचा होता.

धनाजी जाधव शाहूंकडे आले, ते बाळाजी विश्वनाथ या त्यांच्याच पदरच्या कारकुनाच्या मध्यस्थीमुळे. शाहू खरे आहेत, ही खात्री त्याने सेनापतींना पटवली. शाहूंनी धनाजींचे सेनापतिपद कायम केले. येथवर सारे सोपे होते, कारण धनाजी स्वतः होऊन आले होते. कठीण होते ते न येणाऱ्यांचे.

त्यांत पहिले शंकराजी नारायण सचिव. राजाराम महाराज जिंजीला असताना ज्या चौघापाचांनी स्वराज्य तगवून धरले, त्यांतले हे एक. मावळातले बळकट किल्ले त्यांच्या हाती. शाहूंनी त्यांना किल्ले स्वाधीन करण्याची आज्ञा धाडली. सचिवांनी ताराबाईंची शपथ घेतलेली होती. खऱ्या वारसाविरुद्ध शस्त्र धरवेना आणि शपथही मोडवेना. त्यांनी आत्मघात करून घेतला. भोरजवळच्या आंबवड्याला त्यांची समाधी आहे. दुसरा एखादा विजेता म्हणाला असता, काटा परभारे निघाला. शाहूंनी सचिवांच्या अवघ्या दोन वर्षांच्या मुलाला, नारो शंकराला, सचिवपदाची वस्त्रे दिली आणि कारभारासाठी मुतालिक नेमून दिला. पाळण्यातल्या मुलाला मंत्रिपद देणे हे राज्यकारभाराच्या दृष्टीने हास्यास्पद खरेच. परंतु मावळातल्या प्रत्येक किल्लेदाराला जो निरोप पोहोचायचा तो पोहोचला. ताराबाईंशी इमान राखणे हा नव्या राज्यात गुन्हा नाही, आणि बापाच्या हट्टाची शिक्षा मुलाला होणार नाही.

मात्र शाहूंना केवळ साधुपुरुष ठरवण्याची घाई करू नये. साताऱ्याचा किल्ला परशुरामपंत देईनात, तेव्हा किल्ल्यावरचा अंमलदार शेख मिरा याची वाईला असलेली बायकामुले शाहूंनी धरून आणली आणि किल्ला न दिल्यास त्यांना तोफेच्या तोंडी देण्याची धमकी दिली, असे सांगतात. शेख मिराने परशुरामपंतांनाच कैद करून दरवाजे उघडले. १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यास शाहूंना राज्याभिषेक झाला. शेख मिराला इनाम मिळाले आणि परशुरामपंतांना तुरुंग.

या परशुरामपंतांची कथा मुळातूनच पाहण्यासारखी आहे. विशाळगड, पन्हाळा मोगलांकडून परत घेणारा हा कर्तबगार ब्राह्मण. काही काळाने शाहूंनी त्यांना मोकळे करून प्रतिनिधिपद परत दिले. त्यांचा मुलगा कृष्णाजी याला विशाळगडच्या कामगिरीवर पाठवले. कृष्णाजी तिकडे गेला आणि सरळ ताराबाईंना मिळून त्यांचा प्रतिनिधी होऊन बसला. शाहूंचा संयम येथे सुटला. बापाची यात फूस आहे असे धरून त्यांनी परशुरामपंतांचे डोळे काढण्याचा हुकूम दिला. हुकूम अमलात येण्याच्या बेतात असताना खंडो बल्लाळ आडवे आले आणि त्यांनी रदबदली करून तो थांबवला. १६८१ साली ज्याच्या बापासाठी वेळीच कोणी शब्द टाकला नाही, तो १७११ साली दुसऱ्यासाठी शब्द टाकीत होता. परशुरामपंतांचे डोळे वाचले. पुन्हा कैद झाली, १७१३ मध्ये पुन्हा सुटका झाली, पुन्हा प्रतिनिधिपद मिळाले. १७१८ मध्ये ते त्या पदावर असतानाच निवर्तले.

१७११ हे साल शाहूंच्या दृष्टीने सर्वांत वाईट. धनाजी १७०८ मध्येच वारले होते आणि शाहूंनी त्यांचा मुलगा चंद्रसेन याला सेनापतिपद दिले होते. घराणे राखायचे हे धोरण येथेही होतेच. पण चंद्रसेनाचे मन ताराबाईंकडे ओढ घेत होते, आणि बापाच्या पदरचा कारकून बाळाजी विश्वनाथ आता वसुलीच्या कामात आपल्या बरोबरीने उभा राहतो, हे शल्य त्याला बोचत होते. एका हरणाच्या शिकारीवरून ठिणगी पडली. चंद्रसेनाची फौज बाळाजीच्या पाठीस लागली, तो जीव घेऊन पुरंदरकडे आणि तेथून पांडवगडावर गेला. चंद्रसेनाने शाहूंना कळवले की बाळाजीला माझ्या हवाली करा, नाहीतर मी चाललो. राज्याचा सेनापती एका बाजूला आणि शे-दोनशे स्वारांचा एक कारकून दुसऱ्या बाजूला, अशी ही निवड होती. हिशेबी माणसाने कारकून दिला असता. शाहूंनी तो दिला नाही. चंद्रसेन ताराबाईंकडे गेला आणि पुढे निजामुल्मुल्काच्या आश्रयाला जाऊन भालकीची जहागीर घेऊन राहिला. शाहूंच्या क्षमेला त्याने कधीच प्रतिसाद दिला नाही. १७२७ मध्ये निजामाने शाहू की कोल्हापूरचे संभाजी, चौथाईचा खरा धनी कोण, असा कावेबाज प्रश्न उपस्थित केला, तेव्हा निजामाच्या बाजूला चंद्रसेन होताच. त्या प्रश्नाचे उत्तर १७२८ मध्ये पालखेडला बाजीरावांनी दिले.

चंद्रसेनाच्या बाबतीत शाहूंचे धोरण फसले, असे म्हणता येईल. पण त्या फसण्यातूनच त्यांना आपला माणूस सापडला. जुन्या राजवटीत ज्याला मोठे पद नव्हते, म्हणून ज्याची जुनी देणी नव्हती आणि ज्याचे सारे भवितव्य नव्या धन्यावरच अवलंबून होते, असा माणूस. शाहूंनी बाळाजीला सेनाकर्ते हे पद दिले. सेनापती रुसला तर नवी सेना उभारणारा. दोन वर्षांनी त्याच माणसाने कान्होजी आंग्र्यांचा प्रश्न सोडवला.

कान्होजींची गोष्ट निराळी होती. ते गडावरचे किल्लेदार नव्हते, सबंध कोकणकिनारा आणि आरमार त्यांच्या मुठीत होते. ते ताराबाईंच्या पक्षाला धरून होते. १७१३ मध्ये शाहूंनी पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना त्यांच्यावर धाडले, तर कान्होजींनी पेशव्यांनाच कैद केले आणि लोहगड घेऊन घाटमाथ्यावर येऊन बसले. साताऱ्याला धडकी भरली. शाहूंनी त्याच वर्षी नोव्हेंबरात बाळाजी विश्वनाथाला पेशवाई दिली आणि पुढे पाठवले. नवा पेशवा फौज घेऊन निघाला खरा, पण वापरली ती जीभ. कोकणातली जुनी ओळख, जंजिऱ्याचा सिद्दी हा दोघांचा समान शत्रू, आणि शाहू हा शिवाजीचा नातू आहे ही साधी गोष्ट, एवढ्यावर १७१४ चा तह झाला. कान्होजींनी कोल्हापूरचा पक्ष सोडला, बहिरोपंतांना मोकळे केले, राजमाची वगळून घाटावरची ठाणी परत दिली. त्यांना सरखेलीचा किताब कायम झाला आणि दहा किल्ले व सोळा लहान ठाणी त्यांच्याकडे राहिली. त्याच वर्षी पन्हाळ्यावर राजसबाईंनी ताराबाईंना कैद करून आपल्या मुलाला, संभाजीला गादीवर बसवले. साताऱ्याची चिंता निम्म्याने कमी झाली.

आंग्र्यांशी झालेला हा तह नीट वाचला तर शाहूंच्या यशाची किंमत त्यातच लिहिलेली दिसते. धन्याने चाकराला क्षमा केली, अशी त्याची भाषा होती. प्रत्यक्षात दोन सत्तांनी एकमेकींना मान्यता दिली होती. शिवछत्रपतींनी सरदारांना रोख वेतन द्यावे, मुलूख तोडून देऊ नये, असा कटाक्ष ठेवला होता. जिंजीच्या संकटात राजाराम महाराजांना तो पाळता आला नाही. जो मुलूख मोगलांकडून सोडवाल तो तुमचा, असे सांगूनच माणसे उभी करावी लागली. जिंजीच्या वेढ्यातून राजाराम निसटले, तेव्हा मोगलांकडच्या शिर्क्यांची मदत मिळावी म्हणून खंडो बल्लाळांनी आपले दाभोळचे वतन त्यांना लिहून दिले, अशी कथा आहे. इमानाचे मोल त्या काळी रुपयांत नव्हे, वतनात मोजले जात होते. ज्यांना शाहूंनी जिंकून घेतले ती याच बाजारात वाढलेली माणसे होती. ताराबाईंच्याच पक्षातले रामचंद्रपंत अमात्य यांनी आज्ञापत्रात, वतनदार हे राज्याचे दायादच असतात, नवी वतने देताना राजाने शंभरदा विचार करावा, असा इशारा दिला तो याच सुमारास. विचार करायला सवड होती ती कोल्हापूरच्या पुस्तकात, साताऱ्यात नव्हती.

१७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आणि येसूबाईंना घेऊन परतले. वसुलीची वाटणी झाली, तीत प्रत्येक मोठ्या घराण्याचा हिस्सा बांधला गेला. चौथाईतला शेकडा सहा टक्के भाग ‘सहोत्रा’ म्हणून सचिवांच्या घराण्याला मिळाला. आंबवड्याला प्राण देणाऱ्याच्या मुलाची ही भरपाई. उदारपणा मोठा होता, पण तो राजाने स्वतःच्या मुठीतले काढून दाखवलेला उदारपणा होता. राजाच्या हाती हुकूम उरला आणि हुकूम बजावणाऱ्यांच्या हाती फौज व वसूल गेला. हे सर्व सांभाळणारा मध्यस्थ जो पेशवा, त्याच्याकडे हळूहळू खरी सत्ता सरकली, यात नवल नाही. शाहूंच्या हयातीत त्यांच्या शब्दाला वजन होते म्हणून हे उघड दिसले नाही. १७३१ मध्ये डभईला बाजीरावांच्या फौजेशी लढताना सेनापती त्रिंबकराव दाभाडे पडले, तेव्हाही शाहूंनी उमाबाईंचे सांत्वन करून मुलगा यशवंतराव याला सेनापतिपद दिले. रीत तीच, पण या वेळी समेट घडवायचा होता तो राजाच्याच दोन चाकरांत.

नंतरचा हिशेब असा. सातारची गादी १८४८ मध्ये डलहौसीने खालसा केली. तिच्या आश्रयाला ज्यांना क्षमा मिळाली त्यांची संस्थाने मात्र टिकली. १८२० मध्ये इंग्रजांनी साताऱ्याच्या ज्या जहागीरदारांशी स्वतंत्र करार केले, त्यांत भोरचे पंतसचिव होते, औंधचे पंतप्रतिनिधी होते, अक्कलकोटचे राजे होते आणि किल्ल्याचा दरवाजा उघडणाऱ्या शेख मिराचे वाईकर वंशजही होते. भोर, औंध आणि अक्कलकोट १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत राहिली. धन्याच्या गादीहून शंभर वर्षे अधिक.

तरीही शाहूंपुढे दुसरा कोणता मार्ग होता, याचे उत्तर टीकाकारांना सहज देता येणार नाही. सगळ्यांना चिरडण्याइतके बळ नव्हते, आणि असते तरी ज्यांच्यामुळे औरंगजेब दख्खनच्या मातीत हरला, ती माणसे त्यात संपली असती. परशुरामपंतांचे डोळे काढले असते, तर त्यांचा धाकटा मुलगा श्रीपतराव शाहूंचा प्रतिनिधी झाला नसता. हाच श्रीपतराव १७३० मध्ये वारणेच्या काठी कोल्हापूरकरांच्या छावणीवर तुटून पडला आणि कैदी घेऊन परतला. त्या वेळी त्याचा सख्खा भाऊ कृष्णाजी विशाळगडी कोल्हापूरचा प्रतिनिधी होता. एका बापाची दोन मुले दोन गाद्यांचे प्रतिनिधिपद चालवीत होती.

त्या कैद्यांत ताराबाईही होत्या. शाहूंनी सर्वांना सन्मानाने परत पाठवण्याची तयारी दाखवली. कैदेतच राहायचे तर पन्हाळ्यापेक्षा सातारा बरा, असे ताराबाई म्हणाल्या, असे सांगतात, आणि त्या साताऱ्याच्या किल्ल्यावर राहिल्या. शाहूंनी त्यांना मानाने ठेवले. १७४९ च्या डिसेंबरात शाहू निपुत्रिक वारले. आपला नातू रामराजा लहानपणापासून लपवून ठेवला आहे, असे ताराबाईंनी त्यांना पटवले होते. तो गादीवर बसला. वर्षही पुरते झाले नव्हते तोच, नोव्हेंबर १७५० मध्ये, चंपाषष्ठीच्या निमित्ताने किल्ल्यावर बोलावून ताराबाईंनी त्याला कैद केले, कारण तो पेशव्यांविरुद्ध त्यांच्या म्हणण्याप्रमाणे चालेना. १७५२ च्या सप्टेंबरात नानासाहेब पेशव्यांशी समेट झाला, तेव्हा पंचाहत्तरी उलटलेल्या या बाईंनी जेजुरीच्या खंडोबापुढे शपथ घेऊन सांगितले की रामराजा आपला नातू नव्हे, तो तोतया आहे. पंचेचाळीस वर्षांपूर्वी शाहूंना त्यांनी याच शब्दाने अडवले होते.